इनामदार आणि म्युनिसिपालिटीचे मेंबर: खापरपणजोबांचं आयुष्य कागदांतून कसं वाचायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की खापरपणजोबा सासवडकडचे इनामदार होते, साधारण 1850 ते 1912 हा त्यांचा काळ, म्युनिसिपालिटीत बरीच वर्षं मेंबर होते, घरात सगळे सांगतात की अख्खं गाव त्यांच्या मालकीचं होतं आणि इंग्रजांनी त्यांना रावसाहेब केलं, तर त्यांचं आयुष्य खरंच कसं असेल आणि कागद कुठे मिळतील. मी गेली 26 वर्षं मोडी वाचते, त्यातली बरीचशी पुण्याच्या दफ्तरात आणि वेगवेगळ्या तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, आणि अशी घराणी पुष्कळ पाहिली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी "मालकी" हा शब्द बाजूला ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ घरांत पहिला घोळ इथेच असतो. इनाम म्हणजे बहुतेक वेळा जमीन नसायचीच, जमिनीचा सारा, म्हणजे सरकारी कर असायचा. गावातली जमीन कसणारे लोक आधीपासून तिथेच होते, त्यातले कित्येक मिरासदार, म्हणजे त्यांचा हक्क तुमच्या घराण्याच्या सनदेपेक्षाही जुना असू शकतो. पेशव्यांनी किंवा त्याआधी कुणी सनद दिली ती अशी की या गावचा जो वसूल सरकारात यायचा तो आता अमुक घराण्याकडे जावा. म्हणजे तुमचे खापरपणजोबा त्या गावात सरकारच्या जागी उभे होते, कुणब्याच्या जागी नाही. शिवाय सबंध गाव इनाम आणि गावातल्या काही जमिनी इनाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरात सांगताना दोन्हीचं "अख्खं गाव आपलं" असंच होतं. जात इनाम म्हणजे माणसाला व्यक्तिशः दिलेलं, देवस्थान इनाम, लष्करी चाकरीसाठीचा सरंजाम, वंशपरंपरेच्या हुद्द्याचं वतन हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा, त्यामुळे पहिलं काम म्हणजे आपलं इनाम कुठल्या जातकुळीचं ते शोधणं. देवस्थानाचं असेल तर तुमचं घराणं फक्त वहिवाटदार होतं, ती जमीन विकायचा हक्क तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

आता त्यांच्या जन्माच्या सुमाराला काय चाललं होतं ते बघा, कारण त्यांच्या आयुष्याची घडी त्यातूनच बसली. कंपनी सरकारला इनामं डोळ्यात खुपत होती, इतका सारा हातातून जातोय म्हणून. 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम कमिशनला मोठे अधिकार मिळाले आणि दख्खनमधल्या प्रत्येक इनामदाराला विचारणा झाली, तुमचा हक्क सिद्ध करा. सनद दाखवा, ती पेशवे दफ्तरातल्या नोंदीशी जुळते का ते बघू, किती वर्षं वहिवाट आहे, किती पिढ्या झाल्या, मधे दत्तक आलाय का. हजारो इनामं यात गेली किंवा आखडली. ज्यांची सनद वाळवीनं खाल्ली होती, ज्यांच्या भाऊबंदानं कागद दाबून ठेवले होते, ज्यांच्या घरात फक्त विधवा उरली होती, अशांचे हाल झाले. तुमचे खापरपणजोबा दोन-चार वर्षांचे असताना त्यांचे वडील किंवा आजोबा पुण्याला खेपा घालत असणार, कारकुनांना भेटत, नकला काढत. मी त्या काळातल्या कैफियती, म्हणजे लेखी जबाब वाचल्यात आणि त्यातली भीती अगदी कागदातून अंगावर येते, कारण त्या घराला दुसरं उत्पन्नच माहीत नव्हतं.

मग 1857 झालं आणि सरकारचा सूर बदलला. 1863 मधे दोन कायदे झाले, दुसरा आणि सातवा, त्यातला दुसरा तुमच्या भागासाठी. त्यात इनामदाराला सांगितलं की तुझी चौकशी आम्ही करत नाही, तू दरसाल साऱ्याच्या चौथाईइतकी रक्कम भर, वर थोडा नजराणा, आणि इनाम कायम ठेव, वारसाला दे, दत्तकाला दे, विक. ही रक्कम म्हणजे कागदातली "जुडी". समजा गावाचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, 1600 रुपये असेल तर 400 रुपये सरकारात भरायचे आणि 1200 घरात, शिवाय रुपयामागे एक आणा लोकल फंड तो वेगळा. तुमच्या घरात जी इंग्रजी-मराठी छापील सनद असेल, वर सरकारचा शिक्का, खाली सही, ती बहुतेक या 1863 नंतरची आहे, आणि "इंग्रजांनी आपल्याला गाव दिलं" ही गोष्ट त्या कागदावरून निघते. इंग्रजांनी दिलं काही नाही हो, जे होतं त्यातला चौथा हिस्सा घेऊन बाकीचं राहू दिलं. पण त्या एका कागदाने मोठा फरक पडला हेही खरं, कारण जो आजवर वसुलीचा हक्क होता तो आता विकता येणारी, गहाण टाकता येणारी मिळकत झाला, आणि गहाण टाकता येते म्हटल्यावर ती गहाण पडायला कितीसा वेळ.

तर आयुष्य कसं असेल. ते गावात राहत नव्हते हे जवळजवळ नक्की समजा, वाडा सासवडात, गाव चार-सहा कोसांवर. गावात त्यांचा माणूस, कारकून म्हणा कारभारी म्हणा, तो खळ्यावर जाऊन बसायचा. पीक तयार झालं की खळ्यावरून धान्य हलण्याआधी वाटा ठरायचा, कुठे निम्मं, कुठे खंड म्हणजे ठरावीक धान्य, कुठे रोख सारा, एकाच गावात तिन्ही पद्धती चालू असायच्या. कारकुनाची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि खतावणी (माणसागणिक खात्यांची वही) हेच या घराण्याचं खरं चरित्र, सनद नव्हे. सनदेत एक दिवस असतो, कीर्दीत रोजचा दिवस. मी एका घरच्या कीर्दी वाचल्या होत्या, त्यात दसऱ्याला कुणाला पागोटं दिलं, बैलांना पेंड किती, कचेरीत शिपायाला चहापाण्याचं म्हणून किती, मुलीच्या लग्नात साहुकाराकडून किती उचलले, सगळं ओळीनं. तुमच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या असतील तर त्या सोन्यासारख्या जपा, कृपा करून रद्दीत घालू नका. अक्षर वाचता येत नाही म्हणून लोक टाकून देतात आणि मला पुढच्या वर्षी विचारायला येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

कुळ देत नसेल तर काय करायचे? स्वतःची जबरदस्ती चालत नव्हती असं कागदावर तरी आहे, मामलेदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, मदतीचा अर्ज करायचा आणि सरकारी यंत्रणेतून वसूल करून घ्यायचा. या मदतीच्या अर्जांच्या फायली फार उपयोगी असतात, कारण त्यात कुळाचं म्हणणं पण नोंदलेलं असतं. दोन वर्षं पाऊस नाही, बैल मेला, मागच्या साली जास्त घेतलं, पावती दिली नाही. खापरपणजोबांचं आयुष्य लिहायचं तर या लोकांचं म्हणणं त्यात यायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण वाड्याचा प्रत्येक चिरा त्यांच्या खळ्यावरून आलाय.

1875 सालाकडे विशेष लक्ष द्या. 12 मेला सुप्याला, म्हणजे तुमच्या सासवडपासून फार लांब नाही, बाजाराच्या दिवशी लोकांनी साहुकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जखतं आणि दस्तऐवज जाळले आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते ते नंतर पडले, त्यातच तीस वर्षांच्या मुदती संपून फेरपाहणीत सारा वाढवला गेला होता, लोकांच्या हातात काही उरत नव्हतं. राग मुख्यतः मारवाडी-गुजर साहुकारांवर होता, पण जिथे इनामदार स्वतःच सावकारी करत होते तिथे त्यांनाही रात्री झोप लागली नसेल. आणि लगेच पाठोपाठ 1876 ते 78 चा दुष्काळ. कुळाकडून काही येत नाही, जुडीची तारीख मात्र ठरलेली, वाड्यात माणसं तीस. खापरपणजोबा तेव्हा पंचविशीचे, बहुधा कारभार नुकताच हातात आलेला. या दोन-तीन वर्षांत तुमच्या घराण्याने काही गहाण टाकलं का ते सब-रजिस्ट्रारकडच्या जुन्या नोंदींत जरूर बघा, माझा अनुभव असा की घराण्याच्या उतरणीची पहिली पायरी बहुतेक वेळा इथेच सापडते.

एक गंमतीची नाही पण फार बोलकी गोष्ट सांगते. 1879 ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला, शेतकऱ्याला साहुकाराच्या दाव्यापासून संरक्षण देणारा, म्हणजे कोर्टाने मूळ व्यवहार तपासायचा, व्याज बघायचं, हप्ते बांधून द्यायचे, कर्जासाठी कैद नाही. मग कर्जात बुडालेले इनामदार पण कोर्टात म्हणायला लागले की आम्ही पण शेतकरीच. पण कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट केलेलं होतं की सरकारी साऱ्याचा हक्क ज्याच्याकडे आलाय तो केवळ तेवढ्यावरून शेतकरी ठरत नाही. स्वतः जमीन कसून त्यावर पोट चालत असेल तर गोष्ट वेगळी. मालकी म्हणू नका असं मी वर म्हटलं ते याचसाठी, त्या काळच्या कोर्टालाही हा फरक नीट माहीत होता, आपण विसरलो.

आता म्युनिसिपालिटी. आज नगरसेवक म्हटल्यावर जे डोळ्यासमोर येतं ते पुसून टाका. तालुक्याच्या गावच्या म्युनिसिपालिट्या सुरुवातीला सरकारी माणसांच्याच होत्या. 1873 च्या कायद्यात प्रेसिडेंट कलेक्टर, आणि रोजचं काम बघायला असिस्टंट कलेक्टर नाहीतर मामलेदार, बाकी मेंबर सरकारनं नेमलेले. नेमणूक कुणाची व्हायची, तर इनामदार, व्यापारी, वकील, पेन्शनर. पुण्यात महात्मा फुले 1876 ला म्युनिसिपालिटीत मेंबर झाले तेही नेमणुकीनेच. म्हणजे प्रत्येक नेमलेला माणूस मान डोलावणाराच होता असं नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी कलेक्टरसाहेबांसमोर "नाही" म्हणणारे थोडेच. 1882 च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि त्यावरून 1884 ला मुंबई इलाख्यात दोन कायदे झाले, एक म्युनिसिपालिट्यांचा आणि एक जिल्हा-तालुक्याच्या लोकल बोर्डांचा. आता निम्मे तरी मेंबर निवडून यायला लागले. मतदार कोण, तर ठराविक कर भरणारे आणि काही शिकलेले, म्हणजे मूठभर, बायका नाहीत, मजूर नाहीत, गावकुसाबाहेरची वस्ती तर नाहीच नाही. त्यामुळे खापरपणजोबा "निवडून आले" असं सापडलं तर कुणी निवडून दिलं हे पण सोबत लिहा.

लोकल बोर्डात तर सबंध गावं इनाम असलेल्यांना आपला वेगळा प्रतिनिधी पाठवायची सोय होती. शिवाय हे लोक सेशन कोर्टात असेसर, म्हणजे न्यायाधीशाला मत देणारे म्हणून बसायचे, कुणी ऑनररी मॅजिस्ट्रेट व्हायचे आणि किरकोळ खटल्यांत दंड करायचे, शाळा कमिटीत असायचे, दवाखान्याच्या वर्गणीत पहिलं नाव त्यांचं. एकाच माणसाकडे अशी पाच-सहा बिनपगारी पदं गोळा व्हायची. का घ्यायचे? मान होता हे खरंच, कलेक्टर दौऱ्यावर आला की तंबूत खुर्ची मिळणं ही लहान गोष्ट नव्हती, कुणाला खुर्ची आणि कुणाला उभं राहायचं यावरून गावात वर्षभर बोललं जायचं. पण मला वाटतं त्याहून मोठं कारण वेगळं आहे. ज्याचं सगळं उत्पन्न सरकारी कागदावर टांगलेलं आहे त्याला कचेरीत ओळख ठेवणं भागच होतं. वारसाची नोंद, दत्तकाची नोंद, मदतीचा अर्ज, जुडीची थकबाकी, प्रत्येक कामाला तोच मामलेदार आणि म्युनिसिपालिटीच्या मीटिंगला पण तोच मामलेदार.

आणि तिथे काम काय करायचे? फार साधं आणि फार चिकट. उत्पन्न जकात, घरपट्टी, पाणीपट्टी, हलालखोर पट्टी म्हणजे मैला उचलण्याचा कर, बाजाराची भाडी. खर्च रस्त्यावर मुरूम, दिवे, झाडलोट, देवी टोचणारा माणूस, आणि 1884 नंतर प्राथमिक शाळा. जकात नाक्यावरच्या कारकुनाने पैसे खाल्ले, अमक्याच्या वाड्याची घरपट्टी कमी का, दिव्यांचं तेल इतकं कसं लागलं, प्रोसिडिंग बुकं अशा ठरावांनी भरलेली असतात. वाचायला कंटाळा येईल पण पानंपानं वाचा, कारण हजेरी असते, ठराव कुणी मांडला अनुमोदन कुणी दिलं ते असतं, आणि घरपट्टीच्या वेळी स्वतःच्या वाड्याबद्दल खापरपणजोबा काय बोलले तेही असू शकतं. सासवडला तर ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम, म्हणजे दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात हजारो माणसं एकदम, आणि त्या काळात वारी म्हटलं की पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची धास्ती. पाण्याची विहीर राखायची, पहारा ठेवायचा, तात्पुरते संडास, जादा झाडूवाले. हे करताना जी माणसं मैला उपसत होती त्यांची नावं ठरावात नसतात, पगारपत्रकात मात्र असतात, ते पण मागून घ्या.

प्लेगची वर्षं वेगळी काढून वाचा. 1896 च्या शेवटी मुंबईतून पुण्याकडे आला, 1897 ला पुण्यात रँडच्या कमिटीने काय केलं आणि 22 जूनला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण नंतर दहा-बारा वर्षं छोट्या गावांतून तो पुन्हा पुन्हा येत राहिला हे लोकांच्या लक्षात नसतं. उंदीर मरायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या. झोपड्यांना जागा कुणाची, बांबू कुठून, रिकाम्या गावात पहारा कुणाचा, हे सगळं मेंबरांच्या गळ्यात. काहींनी आपल्या आमराया दिल्या, काहींनी भाडं लावलं, दोन्ही प्रकार मी पाहिलेत. तुमच्या घरात एकाच वर्षात तीन-चार मृत्यू दिसले तर आधी प्लेग किंवा 1918 चा इन्फ्लुएंझा डोक्यात ठेवा आणि गाव नमुना 14 म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही मागा.

रावसाहेबीचं. घरात रावसाहेब म्हणत असतील म्हणून पदवी होतीच असं नाही, त्या काळात प्रतिष्ठित माणसाला सर्रास रावसाहेब म्हणायचे. खरी पदवी असेल तर ती गॅझेटात जाहीर झालेली असते, तारखेसकट, साधारण नववर्षाच्या नाहीतर राणीच्या वाढदिवसाच्या यादीत. पुष्कळ घरांत फ्रेम केलेलं एक इंग्रजी सर्टिफिकेट असतं, 1 जानेवारी 1877, 1903 किंवा 12 डिसेंबर 1911 या दरबारांच्या तारखेचं, ते सन्मानपत्र आहे, पदवी नाही. तसंच दख्खनच्या सरदारांच्या पहिला-दुसरा-तिसरा वर्ग अशा याद्या होत्या, त्यात नाव असेल तरच "सरदार" लिहा. हे सांगितलं की घरातली मोठी माणसं नाराज होतात, मला याची कल्पना आहे, पण खोट्या पदवीपेक्षा पंधरा वर्षं दिव्याच्या तेलाचा हिशोब तपासणारा माणूस मला तरी जास्त मोठा वाटतो.

घरातल्या बायकांचं आयुष्य कागदात शोधायचं असेल तर शब्द माहीत पाहिजेत. "भ्रतार" किंवा "कोम" म्हणजे अमक्याची बायको, "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईचं नाव बहुतेक तीनच ठिकाणी सापडतं, विधवा झाल्यावर वारस म्हणून, अन्नवस्त्राच्या दाव्यात, आणि दत्तकपत्रात. तुमच्याकडे इनामासोबत देशपांडेपण किंवा कुलकर्णीपणाचं वतन असेल तर 1886 चा पाचवा कायदा लक्षात ठेवा, त्याने वतनाच्या वारसाहक्कात बायकांना पुरुष भाऊबंदांच्या मागे ढकललं. मुलगी आहे, विधवा सून आहे, तरी वतन लांबच्या चुलत्याकडे गेलं अशी फेरफार नोंद दिसली तर त्यामागे हे आहे. आणि "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता, लहान मुलाचा पालक, "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ए.कु.मॅ. म्हणून एकाचं नाव लागलं आणि पन्नास वर्षांनी त्याच्या मुलांनी सगळं आपलंच म्हटलं यावरून किती घरं कोर्टात झिजली त्याला गणती नाही.

कोकणातली घराणी असती तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं, तिथे खोत. खोत पण मधलाच माणूस, पण कुळाच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला, पिकाचा निम्मा-तिसरा हिस्सा, म्हणजे अर्धेल-तिर्धेल घेणारा, वेठ घेणारा. टिळकांचं घराणं चिखलगावचं खोत, मुंबईत मोठं नाव काढलेले रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक पण मुरूडच्या खोत घराण्यातले. त्याच खोतीविरुद्ध अलिबागजवळ चरीला 1933 पासून सहा वर्षं शेतकऱ्यांनी जमिनी पडीक ठेवल्या, नारायण नागू पाटील पुढे होते, आणि डॉ. आंबेडकरांनी 1937 ला खोती रद्द करायचं बिल मांडलं. देशावर इतका टोकाचा संघर्ष झाला नाही म्हणून आपल्याकडचे इनामदार सगळे दयाळू होते असं समजू नका, इतकंच.

आता कागद कुठे. सुरुवात घरापासून आणि मग तलाठ्याकडून उलट मागे जायची. आजचा सातबारा, त्यावरचे सगळे फेरफार नंबर, मग गाव नमुना 6 मधून एकेक फेरफार, मग 1930 च्या आसपासचं कडई पत्रक, पाहणीच्या वेळचं शेतवार पत्रक आणि सूड, टिपण, फाळणी हे मोजणीचे जुने कागद. इनामासाठी गाव नमुना 3, दुमाला म्हणजे इनामी जमिनींची नोंदवही, हे विसरू नका, बरेच लोक फक्त सातबारा घेऊन बसतात. हक्कनोंदीची पद्धत 1903 च्या कायद्याने आली, त्याच्या आधीचं फेरफारात सापडणार नाही, त्यासाठी पुणे पुराभिलेखागार, म्हणजेच पेशवे दफ्तर. तिथे इनाम कमिशनचे कागद आहेत, रुमालात बांधलेले, मोडीत. गावाचं नाव, जुना परगणा किंवा तर्फ, आणि घराण्याचं त्या काळचं आडनाव एवढं घेऊन जा. आडनावावर फार विसंबू नका, इनामदार हे आडनाव नंतर चिकटलेलं असतं, सनदेत उपनाम वेगळं असतं. नेमणुका आणि पदव्या मुंबई सरकारच्या गॅझेटात, त्या मुंबईच्या पुराभिलेखागारात बघायला मिळतात. पुणे जिल्ह्याचं 1885 चं गॅझेटियर आधी वाचून घ्या म्हणजे गावची लोकसंख्या, म्युनिसिपालिटीचं उत्पन्न, बाजार कसला, हे चित्र तयार होतं. मृत्यूची बातमी ज्ञानप्रकाश या त्या काळच्या वर्तमानपत्रात मिळू शकते. आणि नाशिक-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, तिथे पिढ्या सापडतात आणि कधीकधी खापरपणजोबांची स्वतःची सही, ती बघितल्यावर माणसं अक्षरशः रडतात.

तारखांचं एक ध्यानात ठेवा. जुन्या मोडी कागदावर बहुतेक वेळा इसवी सन नसतो, शक, फसली किंवा शुहूर अशा जुन्या कालगणना असतात. शकात 78 मिळवा, फसलीत 590 किंवा 591, शुहूर सनात 599 किंवा 600, महिना बघून एक इकडेतिकडे. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि तो आकडा चुकीचा लावल्यामुळे आज्याचा कागद नातवाच्या नावावर चढलेला मी पुष्कळदा पाहिलाय.

शेवटचा भाग तुम्ही विचारला नाहीत पण येणारच आहे, "मग आमच्या जमिनी गेल्या कुठे". कुलकर्णी आणि परगणा वतनं 1951 ला गेली, जात इनामं 1 ऑगस्ट 1953 पासून, आणि 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. त्याच्या आधीच निम्मं साहुकाराकडे आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत गेलेलं असतं, मुलं न्यू इंग्लिश स्कूल-फर्ग्युसन करून वकील नाहीतर सरकारी नोकर झालेली असतात आणि गावाकडे कुणी फिरकत नसतं, पण घरात सांगताना सगळा दोष कुळकायद्यावर. मी हे वाक्य ऐकलं की दरवेळी फेरफार उघडून दाखवते, ज्याच्या नावे 1957 ला जमीन झाली त्याच्या आज्याचं नाव तुमच्याच कारकुनाच्या 1880 च्या खतावणीत खंड देणारा म्हणून आहे. ऐंशी वर्षं नांगर त्याचा होता. तुम्हाला ते नाव सापडलं तर खापरपणजोबांच्या चरित्रात ते लिहाच, आणि जमलं तर त्या घरी जाऊन या, त्यांच्याकडे तुमच्या वाड्याच्या गोष्टी तुमच्यापेक्षा जास्त असतात.

सध्या एकच करा. घरातली सनद, वह्या, सुटे कागद बाहेर काढा, लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेप नको, सावलीत पसरून प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. पाठीमागची बाजू लोक हमखास सोडतात आणि नेमके कचेरीचे शेरे तिथेच असतात, कुणी आणला, कधी दाखल झाला, नक्कल कुणाला दिली. ते फोटो आले की पुढचं वाचून सांगते.